रुमालातून काय सुटते? लेथवरच्या धुळीचे गणित

लाटणे असो, भोवरा असो की पाळण्याचा खांब, लाकूड कातणाऱ्यांच्या तोंडावर बहुधा रुमाल बांधलेला असतो. संध्याकाळी तो झटकला की भुसा पडतो, आणि रुमालाने काम केले असे वाटते. पण रुमालावर साचलेल्या ढलप्या तशाही जमिनीवरच पडल्या असत्या. खरी धूळ निघते ती फिरत्या लाकडाला काचपेपर लावताना, आणि तिचा सर्वांत बारीक भाग डोळ्यांना दिसतच नाही.

पाण्याइतक्या घनतेचा गोल कण धरून हिशेब करू. १० मायक्रॉनचा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण स्थिर हवेत दीड मीटर खाली यायला साधारण आठ मिनिटे घेतो. १ मायक्रॉनचा कण तेवढ्याच अंतराला जवळजवळ १२ तास घेतो. म्हणजे लेथ बंद केला की लगेच मास्क काढणे ही चूक आहे. झाडलोटही मास्क घालूनच करायची.

लाकूड नैसर्गिक, त्याने काय होणार, हा समजही सोडायला हवा. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाची धूळ माणसाला निश्चित कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या गटात घातली. हा कर्करोग मुख्यतः नाकाच्या पोकळीचा आणि सायनसचा. शिसवी आणि सागवानाची धूळ काहींच्या त्वचेवर पुरळही उठवते. आणि कामानंतर गुळाचा खडा खाल्ला की छातीतली धूळ निघते, हे खरे नाही. गूळ अन्ननलिकेतून पोटात जातो, धूळ श्वासनलिकेतून फुप्फुसात. मास्कऐवजी गूळ वाटणारा मालक कामगाराचे नुकसान करतो.

आता मास्क. तो चाळणी आहे असे बहुतेकांना वाटते, आणि इथेच खरी गंमत आहे. एन९५ मास्कच्या मधल्या थरातल्या तंतूंमधल्या फटी धुळीच्या कणापेक्षा कितीतरी मोठ्या असतात, तरी कण अडकतो. मोठा कण जड असतो. हवा तंतूला वळसा घालते, पण कणाला जडत्वामुळे वळता येत नाही आणि तो तंतूवर आदळतो. अतिसूक्ष्म कणाला हवेचे रेणू सतत ढकलत असतात, तो वेडावाकडा भरकटतो आणि कुठेतरी चिकटतो. मधल्या आकाराचा, सुमारे ०.३ मायक्रॉनचा कण मात्र दोन्हींतून निसटतो. आदळण्याइतका तो जड नाही, भरकटण्याइतका हलका नाही. त्याच्यासाठी तंतूंवर कायमचा विद्युतभार बसवलेला असतो. केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे ओढतो ना, तसेच. कपट्यावर स्वतःचा भार नसतो, पण कंगव्याच्या विद्युतक्षेत्रात त्याची एक बाजू धन, दुसरी ऋण होते. क्षेत्र सगळीकडे सारखे नसल्याने जवळच्या बाजूवरची ओढ जिंकते. या भारामुळे सर्वांत निसटता आकार ०.३ वरून ०.१ मायक्रॉनच्याही खाली सरकतो. वितळवून फुंकलेल्या तंतूंवर असा भार बसवण्याचे महत्त्वाचे तंत्र अमेरिकेतल्या टेनेसी विद्यापीठात पीटर त्साई यांनी १९९०च्या दशकात विकसित केले.

म्हणूनच एन९५ साबणाने धुवायचा नाही, सॅनिटायझरनेही पुसायचा नाही. दिसायला तो तसाच राहतो, भार मात्र जातो. श्वास जड वाटू लागला किंवा पट्टे सैल झाले की टाकून द्यावा. कानामागे अडकवायच्या दोऱ्यांपेक्षा डोक्यामागून जाणारे दोन पट्टे चांगले: एक कानांच्या वर, दुसरा मानेवर. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून बसवावी. दाढीवर मास्क बसतच नाही, हवा केसांमधून जाते. उच्छ्वासाची झडप असलेला घेतला तर चष्म्यावर वाफ कमी धरते. रोजचे काम असेल तर बदलत्या फिल्टरचा, नाक-तोंड झाकणारा रबरी हाफ मास्क परवडतो.

सोयीस्करपणा ही चैन नाही, तेही गणितच आहे. मास्क धूळ दहापट कमी करतो असे धरा. कामाचा फक्त एक दशांश वेळ तो गळ्यात लोंबला, तर एकूण संरक्षण दहापटीवरून जेमतेम पाचपटीवर येते. कानाचेही तसेच: ३० डेसिबल अडवणारा इअरप्लग एक दशांश वेळ काढून ठेवला, तर सरासरी फायदा १० डेसिबलच्या आत येतो. लेथपेक्षा धूळ ओढणारा पंखा आणि ग्राइंडर कानाला जास्त त्रास देतात. फोमचा प्लग बोटांत बारीक वळायचा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, प्लग आत घालून अर्धा मिनिट धरून ठेवायचा. बाहेरून अर्धाअधिक दिसत असेल तर तो नीट बसलेला नाही. कान बाहेरून झाकणारा इअरमफ घेतला तर चष्म्याची काडी त्याची गादी उचलते आणि फेस शिल्डचा पट्टाही आड येतो, म्हणून प्लग बरा.

फेस शिल्ड पॉलिकार्बोनेट या मजबूत प्लास्टिकची, हनुवटीखाली उतरणारी आणि 'झेड८७+' छाप (आघात सोसण्याच्या अमेरिकी मानकाची खूण) असलेली घ्यावी. काम तपासायला ती वर उचलली जातेच, म्हणून आत सुरक्षा चष्मा हवा. पण तिची मर्यादाही ओळखा. त्या मानकाच्या जड आघाताच्या चाचणीत अर्ध्या किलोचे टोकदार वजन १२७ सेंटिमीटरवरून पाडतात, ऊर्जा सुमारे ६ जूल. ३० सेंटिमीटर व्यासाचा वाडगा मिनिटाला १००० फेरे फिरत असेल, तर त्याच्या कडेचा वेग सेकंदाला जवळजवळ १६ मीटर. तिथून २०० ग्रॅमचा तुकडा सुटला तर त्यात २५ जूल, म्हणजे चौपट. म्हणून वाडगा बसवल्यावर आधी हाताने एक फेरा फिरवून बघायचा, वेग सर्वांत कमी ठेवायचा, आणि कड ज्या प्रतलात फिरते त्याच्या बाजूला उभे राहूनच बटण दाबायचे.