हाकेला ओ नाही, म्हणून बेरा टेस्ट

मागून चार हाका मारल्या तरी मूल वळत नाही. पण स्वयंपाकघरात बिस्किटच्या पुड्याचा कागद चुरचुरला की धावत येतं. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांच्या आयांना हे पाठ असतं. अशा मुलाला आपल्याकडे बहुतेक वेळा आधी बेरा टेस्टलाच, म्हणजे ऐकू येतं का हे पाहणाऱ्या तपासणीला, पाठवतात: झोपलेल्या मुलाच्या डोक्याला इलेक्ट्रोड चिकटवायचे, कानात टकटक आवाज सोडायचा. रिपोर्ट नॉर्मल येतो आणि घरचे आणखीच बुचकळ्यात पडतात.

हे कोडं जुनं आहे. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ स्वमग्न मुलांवर लेख लिहिला. त्यांतल्या काहींना आधी बहिरं समजलं गेलं होतं, आणि यांतलीच काही मुलं व्हॅक्यूम क्लीनरला, लिफ्टला, अगदी वाऱ्यालाही घाबरत. कॅनरनी आणखी एक गोष्ट टिपली, तिच्याकडे पुढे फारसं कुणी पाहिलं नाही याचं नवल वाटतं: तेवढाच गोंगाट स्वतः करताना मूल खुशीत असे.

त्यानंतर बराच काळ आयांना दोष देण्यात गेला. 'आईच थंड, म्हणून मूल स्वमग्न' हे मत मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलंड यांनी १९६४ मध्ये खोडलं (त्यांचा मुलगा स्वमग्न होता), तरी ते लगेच मेलं नाही.

आवाजाचा प्रश्न नीट विचारला तो मानसशास्त्रज्ञ आमी क्लिन यांनी, १९९१ मधल्या एका प्रयोगात. एक बटण दाबलं की आईचं बोलणं, दुसरं दाबलं की एकात एक मिसळलेल्या आवाजांचा कालवा. इतर मुलं आईचं बटण दाबत. स्वमग्न मुलांना एक तर कालवा आवडे, नाही तर दोन्ही सारखंच.

२००४ मध्ये फ्रान्समध्ये मेंदूचं स्कॅनिंग झालं. माणसाचा आवाज ऐकताना मेंदूचा जो भाग जागा होतो, तो स्वमग्न व्यक्तींमध्ये फारसा जागा झाला नाही. गाजावाजा खूप झाला, पण तपासलेल्या स्वमग्न व्यक्ती होत्या पाच, त्याही प्रौढ. २०१३ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने मुलांकडे पाहिलं, तेव्हा वेगळंच दिसलं. आवाज टिपणारा भाग आणि आनंद देणारे भाग यांच्यातला दुवाच कच्चा होता, आणि तो जितका कच्चा तितकं मुलाला संवाद साधणं अवघड.