एलूल: तयारीचा महिना आला कुठून?

ज्यू लोकांचं नवीन वर्ष, रोश हशाना, सप्टेंबरच्या आसपास येतं आणि त्याच्या आधीचा अख्खा एलूल महिना हिशोब चुकते करण्याचा, म्हणजे पैशाचे नाही, वागण्याचे. भांडणं मिटवा, माफी मागा, दानधर्म करा, पहाटे उठून प्रार्थना करा. पण गंमत बघा, तोरामध्ये, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथात, यातलं काहीच नाहीये! तिथे महिने वसंतापासून मोजतात, त्यामुळे हा नुसता सहावा महिना, एलूल हे नावसुद्धा बॅबिलोनहून आलेलं. पुढे इ.स. 200 च्या सुमाराला मिश्ना, म्हणजे तोंडी चालत आलेल्या धर्मनियमांचा संग्रह, तयार झाली त्यातही एलूल येतो तो व्यवहारापुरता, गुरांच्या दशमांशाचं (धर्मासाठी काढलेल्या दहाव्या हिश्श्याचं) वर्ष 1 एलूलला सुरू करायचं आणि महिना कधी लागला ते लांबच्या लोकांना कळवायला माणसं पाठवायची, म्हणजे नवीन वर्षाची तारीख चुकायला नको.

मग पश्चात्ताप आला कधी? परंपरा असं सांगते की लोकांनी सोन्याचं वासरू बनवून पुजलं त्या प्रकरणानंतर त्यांचा पुढारी मोशे 1 एलूलला परत सिनाय पर्वतावर चढला, 40 दिवस राहिला आणि एलूलनंतरच्या तिश्री महिन्याच्या 10 तारखेला देवाच्या आज्ञांच्या नव्या दगडी पाट्या घेऊन उतरला, तोच योम किप्पूर, प्रायश्चित्ताचा दिवस. तो वर गेलाय हे लोकांनी विसरू नये, परत मूर्तीच्या नादी लागू नये म्हणून छावणीभर शोफार, म्हणजे मेंढ्याचं शिंग, फुंकलं. ही शिंगाची गोष्ट मात्र मिश्नाच्याही बऱ्याच नंतरच्या ग्रंथात सापडते.

प्रत्यक्ष चालीरीती तर अजून हळू वाढल्या. 12व्या शतकात ज्यू धर्मपंडित मायमोनिडीस लिहितात की लोक रात्री उठून क्षमायाचना करतात, पण ते रोश हशाना ते योम किप्पूर या 10 दिवसांत, एलूलभर नाही. 1565 साली छापलेल्या शुल्हान आरुख या ज्यू धर्मनियमांच्या ग्रंथात त्याचे लेखक योसेफ कारो म्हणतात की या प्रार्थना, सलिहोत, एलूल लागला की सुरू करायच्या, आणि त्यावर क्राकोवचे मोशे इस्सरलेस टीप जोडतात की आमच्याकडे सलिहोत नवीन वर्षाच्या आधीच्या रविवारपासून, शोफार मात्र महिनाभर. सेफार्दी (मूळ स्पेनकडचे, कारोंच्या पद्धतीचे) आणि अश्कनाझी (मध्य व पूर्व युरोपातले, इस्सरलेस यांच्या पद्धतीचे) ज्यू यांच्यातला हा फरक आजही आहे. 19व्या शतकात लिथुआनियात इस्राएल सालांटर यांच्या मुसार चळवळीने आत्मपरीक्षणावर इतका जोर दिला की तिथल्या येशिवांमध्ये, म्हणजे धर्मशिक्षणाच्या शाळांमध्ये, एलूल म्हटलं की पोरं गंभीर व्हायची.

आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाचं वेगळंच. तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून शनिवार तेली म्हणवले गेलेले हे लोक बाकीच्या ज्यू जगापासून तुटलेले होते, तरी एलूलचे उपवास त्यांच्यात होते आणि त्याला ते चक्क रमजान म्हणायचे, रोश हशाना म्हणजे नव्याचा सण आणि योम किप्पूर दारफळणीचा, कारण त्या दिवशी दार लावून घरात बसायचे. केहिमकरांनी 1897 मध्ये समाजाचा इतिहास लिहिला त्यात हे सगळं आहे. कोचीनच्या ज्यूंशी संबंध आल्यावर हिब्रू प्रार्थना आल्या, 1796 ला मुंबईत सामाजी हसाजी दिवेकरांनी पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यू प्रार्थनागृह, बांधलं, आणि पद्धत सेफार्दी असल्यामुळे सलिहोत एलूलभर पहाटे व्हायला लागल्या.