लेटेक्स फुग्यांचा पाठवणीपूर्व तपासणी अहवाल

घाऊक फुग्यांची खेप कारखान्यातून निघण्याआधी तपासनीस नमुने काढून जो अहवाल देतो, तो खरेदीदाराने वाचून मालाला परवानगी देणे, माल अडवणे किंवा फेरतपासणी मागणे या प्रक्रियेविषयीची नोंद. उत्पादन पूर्ण झालेले आणि किमान ८० टक्के माल खोक्यांत भरलेला असताना ही तपासणी करण्याची रीत आहे. याहून आधी काढलेला नमुना पूर्ण खेपेचा ठरत नाही. शेवटच्या रकान्यात पास, फेल किंवा पेंडिंग असे लिहिलेले असते. पेंडिंग म्हणजे निर्णय खरेदीदारावर सोडला. नुसता हा रकाना पाहून माल सोडणारे खरेदीदार पुष्कळ आहेत. मात्र कशाचे किती नमुने घेतले हे पाहिल्याशिवाय त्या रकान्याला फारसा अर्थ नाही.

नमुन्याचे गणित : नमुन्यांची संख्या सहसा आयएसओ २८५९-१ या नमुना-तपासणीच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या तक्त्यांवरून ठरते, भारतात आयएस २५०० हे त्याच विषयाचे मानक आहे. समजा, १,००,००० फुगे १००-१०० च्या १,००० पाकिटांत भरले आहेत. फुगा हे एकक धरले तर सर्वसाधारण पातळी २ (तक्त्यातली नेहमीची तपासणी पातळी) नुसार ५०० फुगे तपासावे लागतात. पाकीट हे एकक धरले तर ८० पाकिटे पुरतात. अहवालात ‘नमुना ८०’ दिसला की तो आकडा पाकिटांचा आहे की फुग्यांचा, हे आधी विचारावे. पाकिटांचा असेल तर छपाई, बारकोड आणि नगांची मोजणी तपासली गेली असेल, पण आतले फुगे फुगवून पाहिले असतीलच असे नाही. चांगल्या करारात दोन्ही एकके वेगवेगळी लिहिलेली असतात: वेष्टन आणि नगसंख्या यांसाठी ८० पाकिटे, तर फुग्याच्या दर्जासाठी त्याच पाकिटांतून सहा-सात करत काढलेले ५०० फुगे.

दोष घातक, मोठे आणि किरकोळ असे तीन प्रकारचे धरतात. मोठ्या दोषांसाठी एक्यूएल (स्वीकारार्ह दर्जा-पातळी, म्हणजे चालवून घेण्याजोग्या सदोष नगांची टक्केवारी) २.५ ठरवला की माल २.५ टक्क्यांपेक्षा खराब असणार नाही, असा समज असतो. तो खरा नाही. ५०० नमुन्यांत २१ सदोष निघाले तरी खेप स्वीकारली जाते, २२ व्याला नाकारली जाते. २१ म्हणजे नमुन्याच्या ४.२ टक्के. घातक दोषांसाठी मात्र शून्यच ठेवतात, म्हणजे एकही चालत नाही.

फुगवण्याची चाचणी बऱ्याचदा विशेष पातळीवर, म्हणजे थोड्याच नगांवर उरकली जाते. वरच्या खेपेत एस-२ ही विशेष पातळी लावली तर फक्त १३ फुगे फुगवले जातात. मालातले ५ टक्के फुगे गळके असले, तरी १३ मध्ये एकही गळका न सापडण्याची शक्यता निम्म्याहून किंचित जास्तच असते. फुटेपर्यंत फुगवण्याच्या चाचणीला हा लहान नमुना चालतो, कारण तिथे नग वाया जातात. सुईच्या टोकाएवढी छिद्रे शोधायला तो चालत नाही.

रंगांकडे वेगळे पाहावे. प्रत्येक रंगासाठी लेटेक्सचे (रबराच्या चिकाचे) वेगळे मिश्रण लागते, म्हणून दहा रंगांची खेप ही खरे तर दहा लहान उत्पादनांची बेरीज असते. ५०० नमुने समान वाटले तर रंगाला ५० च येतात. एकूण १८ सदोष म्हणून खेप पास झाली, पण ते १८ ही लाल फुग्यांतलेच असतील, तर लाल रंगाचा घाणा बिघडलेला आहे. यासाठी दोषांची रंगवार फोड मागावी. ती नसेल तर फोटोंवरून मोजता येते.

वजन आणि नगसंख्या : फुगे हाताने मोजत नाहीत, तोलून भरतात. १२ इंची साध्या फुग्याचे वजन व्यापारात २.८ किंवा ३.२ ग्रॅम सांगितले जाते. १०० नगांसाठी काटा २८० ग्रॅमवर लावला आणि त्या दिवशीचे फुगे ३ ग्रॅमचे निघाले, तर पाकिटात ९३ च फुगे जातात. उलट नग बरोबर १०० आणि निव्वळ वजन २५० ग्रॅम असेल तर फुगा पातळ आहे. तो १२ इंच होईलही, पण लवकर फुटेल. म्हणून प्रत्यक्ष मोजलेले नग आणि निव्वळ वजन हे दोन्ही आकडे अहवालात असले पाहिजेत. नुसते ‘वजन बरोबर’ एवढे पुरेसे नाही. भुकटी आणि ओलही काट्यावर चढते.

आकार मापपट्टीच्या चौकटीत फुगवून पाहतात. मानेकडे फुगून नासपतीसारखा झालेला फुगा जादा हवा भरून त्या मापाला नेऊन ठेवलेला असतो. तो माप गाठणारा फुगा नव्हे.

दोष आणि त्यांची कारणे : फुगे लेटेक्सच्या टाकीत साचा बुडवून बनवतात. टाकीतला धुरळा, हवेचे बुडबुडे किंवा अस्वच्छ साचा यांमुळे छिद्रे पडतात. साचा बाहेर काढल्यावर नीट फिरवला नाही तर लेटेक्स एकीकडे ओघळते आणि फुगा वाकडा फुगतो. तोंडाची कड पूर्ण वळली नसेल तर गाठ मारतानाच मान फाटते. या दोषाला किरकोळ म्हटलेले दिसले तर हरकत घ्यावी, कारण गिऱ्हाईक तोच फुगा परत आणते. व्हल्कनायझेशन (उष्णतेने रबर पक्के करणे) कमी झाले तर हवा सोडल्यावर फुगा मूळ मापावर येत नाही आणि हाताला चिकटतो. भुकटी कमी पडली तरी फुगे एकमेकांना चिकटतात. उन्हात फुगवून ठेवलेल्या फुग्याची चकाकी जाणे हा लेटेक्सचा स्वभाव आहे, तो दोषांत मोजू नये. बंद पाकिटातला फुगा मात्र निस्तेज किंवा तडकलेला असेल तर माल जुना आहे.

२४ तास हवा धरून ठेवण्याच्या चाचणीचा निकाल एका दिवसाच्या तपासणीच्या अहवालात आला असेल, तर ते फुगे आदल्या दिवशी कोणी फुगवले हे विचारावे. उत्तर बहुधा ‘कारखान्याने’ असे येते.

प्रयोगशाळेचे कागद : रासायनिक बाबी कारखान्यात डोळ्यांनी दिसत नाहीत. लेटेक्स पक्के करताना वापरलेल्या काही प्रवेगकांतून (ती क्रिया लवकर घडवणाऱ्या रसायनांतून), विशेषतः डायथायोकार्बामेटांतून, नायट्रोसामाइने ही आरोग्याला घातक संयुगे तयार होतात. उरलेली रसायने गरम पाण्याच्या धुलाईत निघतात आणि ती धुलाई आवरती घेतली की प्रमाण वाढते. युरोपच्या २००९/४८ या खेळणी निर्देशात मर्यादा नायट्रोसामाइनांसाठी किलोला ०.०५ मिलिग्रॅम आणि त्यांत रूपांतरित होऊ शकणाऱ्या पदार्थांसाठी १ मिलिग्रॅम अशी आहे. चाचणी ईएन ७१-१२ या युरोपीय मानकाप्रमाणे होते. प्रयोगशाळेच्या अहवालावरील कारखान्याचे नाव, रंग आणि तारीख खेपेशी जुळवून पाहावी. पांढऱ्या फुग्याचा दोन वर्षांपूर्वीचा कागद सगळ्या रंगांना जोडलेला आढळतो. भारतात विक्रीसाठीच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्हाची सक्ती आहे.

८ वर्षांखालील मुले न फुगवलेल्या किंवा फुटलेल्या फुग्याने गुदमरू शकतात, ही सूचना अमेरिका आणि युरोप दोन्हीकडे बंधनकारक आहे. युरोपसाठी नैसर्गिक रबराचा उल्लेखही लागतो. यांतले काही पाकिटावर नसेल तर दोष घातक धरावा आणि बाकीचे निकाल कितीही चांगले असले तरी माल अडवावा.

फोटोंत उघडलेल्या खोक्यांचे क्रमांक दिसावेत आणि ते ढिगाच्या सर्व भागांतले असावेत. पहिल्या रांगेतलेच क्रमांक आले असतील, तर ते कोणी निवडले हे उघड आहे. नाकारलेल्या खेपेतले खराब नग निवडून काढून ती पुन्हा मांडली, तर फेरतपासणी नव्या नमुन्यांवर आणि संपूर्ण खेपेवर व्हावी. आधी सापडलेले दोष बदलून दिल्याचे पत्र फेरतपासणी म्हणून घेऊ नये. पुढे तुलनेसाठी राखलेले सही-शिक्क्याचे नमुने हवाबंद, अंधाऱ्या जागी ठेवावेत. उजेडात आणि हवेत राहिलेला लेटेक्सचा नमुना वाद निघेपर्यंत स्वतःच खराब झालेला असतो.