प्रसूति-आलेख (पार्टोग्राफ)

प्रसूति-आलेख : (पार्टोग्राफ, पार्टोग्राम). प्रसूतीच्या कळा सुरू झाल्यानंतर गर्भाशयमुख किती उघडले, बाळाचे डोके किती खाली आले, बाळाचे ठोके, कळांचा जोर, गर्भजलाचा रंग आणि मातेची नाडी-रक्तदाब यांची वेळेनुसार नोंद करण्याचा एकपानी तक्ता. प्रसूतिशास्त्रातील पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या संशोधनातून निघून जगभरच्या लेबर रूममध्ये पोहोचलेल्या मोजक्या साधनांत त्याची गणना करावी लागते.

उगम : कळा किती तास चालतात, हे मोजण्याचे प्रयत्न विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातही झाले होते. मात्र त्यांचा रोख एकूण कालावधीवर होता. प्रसूती कोणत्या वेगाने पुढे सरकते, हा प्रश्न पद्धतशीरपणे मांडण्याचे श्रेय सामान्यतः इमॅन्युएल फ्रीडमन यांना दिले जाते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाशी संलग्न स्लोन स्त्री-रुग्णालयात निवासी डॉक्टर असताना त्यांनी १०० पहिलटकरणींच्या नोंदी आलेखावर मांडल्या आणि १९५४ मध्ये प्रसिद्ध केल्या. १९५५ मध्ये ही संख्या ५०० वर गेली. वेळ आडव्या अक्षावर, गर्भाशयमुखाचे सेंटिमीटर उभ्या अक्षावर. बिंदू जोडल्यावर सरळ रेषा मिळाली नाही. आरंभी जवळजवळ आडवी चाल, मग एकदम चढ आणि शेवटी पुन्हा किंचित सपाटी, असा इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखा वक्र उमटला. आडव्या भागाला सुप्तावस्था व चढाला सक्रियावस्था म्हणतात. सुप्तावस्थेची कमाल मर्यादा पहिलटकरणीत २० तास, आधी बाळंत झालेल्या स्त्रीत १४ तास, तर सक्रियावस्थेतील किमान वेग अनुक्रमे ताशी १.२ व १.५ सेंमी., हे त्यांचे आकडे पुढे दोन पिढ्यांनी पाठ केले.

या नोंदी घेण्यासाठी खाटेजवळ तासन्‌तास थांबणारा माणूस लागतो, आणि रुग्णालयात तसा माणूस म्हणजे निवासी डॉक्टर. फ्रीडमन यांच्या कामाचे बळ गणितापेक्षा या हजेरीत अधिक आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. त्यांच्या नमुन्याच्या मर्यादाही विसरता येत नाहीत : सर्व स्त्रिया एकाच रुग्णालयातील होत्या, गुंगीच्या औषधांचा वापर सर्रास होता आणि निम्म्याहून अधिक प्रसूती चिमटा लावून झाल्या होत्या.

दोन रेषा : फ्रीडमन यांचा वक्र हा अभ्यासाचा विषय होता. त्याचे कामाचे साधन झाले ते आफ्रिकेत. ऱ्होडेशियातील सॅलिसबरी (आजचे झिंबाब्वेमधील हरारे) येथे ह्यू फिलपॉट व कॅसल यांनी १९७२ मध्ये ६२४ पहिलटकरणींवरील काम प्रसिद्ध केले. तेथे बहुतेक बाळंतपणे दूरच्या दवाखान्यांत सुईणी करीत. अडलेली बाई मोठ्या रुग्णालयात कधी पाठवायची, हा खरा पेच होता. फिलपॉट यांनी सर्वांत संथ दहा टक्के पहिलटकरणींच्या सरासरी गतीच्या आधारे ताशी १ सेंमी. चढणारी ‘सावधानतेची रेषा’ आखली आणि तिच्या उजवीकडे चार तासांवर समांतर ‘कृतीची रेषा’ दिली. मधले चार तास प्रामुख्याने रुग्ण हलवण्यासाठी राखलेले होते. सावधानतेची रेषा ओलांडणे म्हणजे शस्त्रक्रियेचा हुकूम, असा अर्थ पुढे काही ठिकाणी लावला गेला; मूळ योजनेत त्याला आधार नाही. आलेखाचा जनक कोण, याविषयी म्हणूनच दोन मते आढळतात. वक्र फ्रीडमन यांचा आणि तक्ता फिलपॉट यांचा, ही विभागणी अधिक न्याय्य दिसते.

नोंदीची रीत : सकाळी १० वाजता तपासणीत गर्भाशयमुख ४ सेंमी. उघडलेले असेल, तर सावधानतेच्या रेषेवर फुली मारून शेजारी वेळ लिहितात. पुढची अंतर्गत तपासणी साधारण चार तासांनी. दुपारी २ वाजता ८ सेंमी.ची फुली आली तर ती रेषेवरच बसते; ६ सेंमी.ची आली तर रेषेच्या उजवीकडे सरकते आणि विचार सुरू करावा लागतो. बाळाचे ठोके दर अर्ध्या तासाला टिंबाने दाखवतात. दहा मिनिटांत जितक्या कळा तितके चौकोन भरतात : वीस सेकंदांच्या आतील कळेला ठिपके, वीस ते चाळीसला तिरप्या रेघा, त्याहून लांब कळेला भरीव काळा रंग. गर्भजल हिरवट असल्यास बाळाने पोटातच शी केल्याची शंका घेऊन तशी नोंद करतात.

उपयोगाचा पुरावा : जागतिक आरोग्य संघटनेने इंडोनेशिया, मलेशिया व थायलंडमधील ३५,४८४ स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात (१९९४) अठरा तासांहून अधिक लांबलेल्या प्रसूतींचे प्रमाण ६.४ वरून ३.४ टक्क्यांवर, आले आणि बाळंतपणानंतरचा जंतुसंसर्गही कमी झाला. तरीही आलेखाचा सरसकट वापर परिणाम सुधारतोच, असे नंतरच्या एकत्रित पुनरावलोकनांना ठामपणे म्हणता आलेले नाही.

चार की सहा? : सर्वाधिक वाद सक्रियावस्था कोठे सुरू होते यावर आहे. जुन झांग व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये अमेरिकेतील १९ रुग्णालयांतील ६२,४१५ प्रसूतींच्या नोंदी तपासल्या. ४ वरून ५ सेंमी.ला सहा तासांहून अधिक, ५ वरून ६ सेंमी.ला तीन तासांहून अधिक लागूनही प्रसूती सुरळीत होऊ शकते, असे त्यांना आढळले. वेगाचा चढ ६ सेंमी.पूर्वी गृहीत धरू नये, हा निष्कर्ष २०१४ मध्ये अमेरिकी तज्ज्ञसंस्थांनी स्वीकारला. फ्रीडमन व कोहेन यांनी त्यास लेखी विरोध केला : झांग यांच्या सांख्यिकी पद्धतीने मूळ वक्र सपाट झाला आणि प्रत्येक स्त्रीचा चढ वेगळ्या बिंदूपासून सुरू होतो, असा त्यांचा मुद्दा. नॉर्वेतील २०१९ च्या चाचणीत जुना तक्ता आणि झांग यांच्या आकड्यांवर बेतलेली मार्गदर्शिका यांत सिझेरियनचे प्रमाण लक्षणीय वेगळे निघाले नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये ५ सेंमी.ची मर्यादा घेतली. २०२० च्या ‘प्रसूती काळजी मार्गदर्शिके’त दोन्ही तिरप्या रेषा वगळून प्रत्येक सेंटिमीटरला स्वतंत्र वेळमर्यादा दिली (५ सेंमी.वर ६ तास, ९ सेंमी.वर २ तास). सोबतीण आहे का, बाई पाणी पिते का, कोणत्या स्थितीत आहे, हेही रकाने त्यात आले. ही भर आकड्यांच्या वादापेक्षा मोलाची आहे.

भारतात : प्राथमिक आरोग्य केंद्रांतील परिचारिका व एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका) यांच्या प्रशिक्षणात सुलभ आलेखाचा समावेश आहे. स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्राच्या पदव्युत्तर पदवीसाठी प्रबंध आवश्यक असतो आणि प्रसूति-आलेख हा अशा प्रबंधांचा नेहमीचा विषय. प्रत्यक्षात अनेकदा बाळ जन्मल्यावर कागद मागाहून भरला जातो. असा कागद मातेच्या काहीच कामाचा नसतो. जमशेदपूरचे प्रसूतितज्ज्ञ डॉ. ए. के. देबदास यांनी यावर ‘कागदाविना आलेख’ सुचवला. गर्भाशयमुख ४ सेंमी. झाल्याच्या वेळेत सहा तास (ताशी १ सेंमी.ने पूर्ण १० सेंमी. उघडण्याचा काळ) मिळवले की सावधानतेची वेळ येते, त्यात आणखी चार मिळवले की कृतीची. सकाळी १० चे उदाहरण घेतल्यास दुपारचे ४ आणि रात्रीचे ८, या दोनच वेळा ठळक अक्षरांत केसपेपरवर लिहावयाच्या.