ग्राउंड क्लिअरन्स आणि सस्पेन्शन ट्रॅव्हल: किती वेळा तेच तेच सांगायचं

नवीन माणूस छोटी अ‍ॅडव्हेंचर बाइक (रस्त्यावर आणि कच्च्या वाटेवरही चालणारी) घ्यायला निघाला की पहिला प्रश्न ठरलेला, ग्राउंड क्लिअरन्स किती? २२० मिमी असं उत्तर आलं की गडी खूश, म्हणजे खड्ड्यांत मस्त चालणार. नाही हो! खड्ड्यांत गाडी कशी चालेल ते या आकड्यात नसतंच, ते असतं सस्पेन्शन ट्रॅव्हलमध्ये, आणि तो आकडा कोणी विचारत नाही.

क्लिअरन्स तुम्हाला माहितीये. गाडीचा सगळ्यात खालचा भाग, बहुतेक वेळा इंजिनाखालची बॅश प्लेट (दगडांपासून वाचवणारा पत्रा) नाहीतर सायलेन्सर, तो जमिनीपासून किती वर आहे एवढंच. दगड, उंच स्पीडब्रेकर, चाकोरीच्या मधला उंचवटा यावरून पोट न घासता जायचं तर हा लागतो. आणि हा मोजतात गाडी नुसती उभी असताना, वर कोणी बसलेलं नसताना. तुम्ही, मागे बसलेला आणि दोन बॅगा असं सगळं चढलं की तो कमी झालेला असतो, ते ब्रोशर सांगत नाही.

ट्रॅव्हल म्हणजे चाक वरखाली किती हलू शकतं. खड्ड्यात चाक आपटलं की तो धक्का स्प्रिंग आणि डॅम्पर (स्प्रिंगची उसळी आवरणारा भाग) मिळून तेवढ्या अंतरात जिरवतात. अंतर कमी असेल तर तेवढ्याच धक्क्यासाठी स्प्रिंग कडक ठेवावी लागते आणि मग गाडी उडते, चाक जमीन सोडतं, आणि नवशिका नेमका तिथेच घाबरून हँडल आवळून धरतो. अंतर जास्त असेल तर स्प्रिंग मऊ ठेवता येते, चाक रस्त्याला चिकटून राहतं, चुकीच्या लाइनने गेलात तरी गाडी सांभाळून घेते. नवीन माणसाला पाहिजे ते हे.

आता खरी गंमत. समजा दोन गाड्या आहेत, दोघींचा क्लिअरन्स २०० मिमी, पण एकीचा ट्रॅव्हल १२० आणि दुसरीचा १९०. दोन्ही पूर्ण दबल्या तर पहिलीखाली ढोबळमानाने ८० मिमी उरतात आणि दुसरीखाली जेमतेम १०. म्हणजे जास्त ट्रॅव्हलवालीचंच पोट आधी घासणार! म्हणून ट्रॅव्हल वाढवला की क्लिअरन्सही वाढवावा लागतो, आणि त्याच्यासोबत सीटही वर जाते. हिरो एक्सपल्स २०० फोर व्हीचे आकडे बघा: पुढे १९० आणि मागे १७० मिमी ट्रॅव्हल, क्लिअरन्स २२०, सीटची उंची ८२५. तिच्याच प्रो आवृत्तीचे बघा: ट्रॅव्हल २५० आणि २२०, क्लिअरन्स २७०, सीट थेट ८९१. इंजिन तेच, पण सिग्नलला दोन्ही पाय टेकवणं विसरा. नवशिक्याने प्रो घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, उंच असलात तरी.

सीटच्या उंचीवरूनही उगाच घाबरवतात लोक. बसल्यावर गाडी दबते, साधारण ट्रॅव्हलच्या तीसेक टक्के. १९० वाली पाच-सहा सेंटीमीटर खाली येते आणि १२० वाली साडेतीनच्या आसपास, म्हणजे कागदावर सारख्या उंचीच्या दोन गाड्यांत जास्त ट्रॅव्हलवालीवर पाय जास्त पोचतात. त्यामुळे बसून बघा, आकडा वाचून घरी जाऊ नका. आणि पाय पोचत नाहीत म्हणून लोअरिंग लिंक (मागचं सस्पेन्शन खाली बसवणारी पट्टी) तर अजिबात लावू नका, क्लिअरन्स कमी होतो, शिवाय गाडीचा तोल पण बदलतो, त्यापेक्षा सीटचा फोम थोडा कापून घ्या.

प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते सेटिंग) फिरवून ट्रॅव्हल वाढतो म्हणणाऱ्यांना तर हात जोडलेत मी. प्रीलोडने गाडी बसल्यावर कमी दबते, म्हणजे थोडी उंच उभी राहते, क्लिअरन्स जरासा परत मिळतो. चाकाचं एकूण हलणं आहे तेवढंच राहतं. कडक करकरून टाकलात तर उलट खड्ड्यात चाक खाली जायला जागाच उरत नाही.

बाकी फरक किरकोळ. २१ इंची पुढचं चाक खड्ड्यावरून सहज जातं पण वळायला जरा आळशी, १९ इंची मधलं. अलॉय असेल तर ट्यूबलेस, पंक्चरची कटकट कमी. चोच (पुढचा टोकदार मडगार्ड), नकल गार्ड (हँडलवरचं हातांचं कवच), उंच काच, हे जास्त करून दिसायला. २०२१ साली आलेली होंडा सीबी२००एक्स घ्या, वेश पूर्ण अ‍ॅडव्हेंचरचा, इंजिन होंडाच्याच रस्त्यावरच्या हॉर्नेट २.० चं, दोन्ही चाकं १७ इंची आणि क्लिअरन्स १६७. रस्त्यावर बसायला आरामशीर, त्यात वाईट काही नाही, फक्त तिला दगडधोंड्यांत नेऊन मग कंपनीला शिव्या घालू नका. वजन मात्र किरकोळ नाही: रॉयल एनफिल्डच्या जुन्या हिमालयन ४११ ची सीट ८०० मिमी, एक्सपल्सपेक्षा खाली, पण वजन १९९ किलो, जवळजवळ ४० किलो जास्त. मातीत आडवी झाली की उचलताना सीटची उंची कोणी आठवत नाही.

टेस्ट राइडला जाताना एक झिप टाय (वायरी बांधायची प्लास्टिकची पट्टी) खिशात ठेवा. पुढच्या फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांच्या) चकचकीत नळीला, रबरी सीलला लागून, हलकीशी बांधा (नळीवर गेटर, म्हणजे घड्यांचं रबरी आवरण, असेल तर तो वर सरकवून, आणि आधी विचारून). मग एका स्पीडब्रेकरवरून आणि एका खराब पट्ट्यातून नेहमीच्या वेगाने जाऊन या. सीलपासून टाय जेवढी दूर सरकली तेवढा ट्रॅव्हल वापरला गेला. साध्या स्पीडब्रेकरलाच पार टोकाला गेली असेल तर ती स्प्रिंग तुमच्या वजनाला मऊ आहे, आणि खराब पट्ट्यातही निम्म्यापर्यंत पोचली नसेल तर कडक. मग ब्रोशरवर १९० लिहिलेलं असो की २००, तुम्हाला त्यातले निम्मेही मिळत नाहीयेत.