विरजणाशिवाय आंबलेली बिअर

ब्रसेल्सच्या जुन्या शेअर बाजाराच्या इमारतीजवळ, एका अरुंद बोळाच्या टोकाला ‘आ ला बेकास’ नावाचा बार १८७७ पासून सुरू आहे. तेथे लांब लाकडी टेबलांवर मातीच्या जाड भांड्यातून लँबिक नावाची बिअर येते. ती किंचित गोड केलेली असते. मात्र पिंपातून थेट काढलेली, कशातही न मिसळलेली लँबिक फारशी फेसाळत नाही, आणि पहिल्याच घोटाला तिचा आंबटपणा जिभेच्या कडांवर चढतो. बिअर कडवट आणि फेसाळच असणार असे गृहीत धरलेला माणूस तेथे थबकतो. या आंबटपणाचे मूळ ब्रसेल्सच्या हवेत आणि तेथील जुन्या लाकडात आहे, आणि म्हणूनच मला ही बिअर केवळ पेय म्हणून नव्हे, तर सूक्ष्मजीवांच्या वस्तीचा नमुना म्हणून समजून घ्यावीशी वाटते.

जगातील बहुतेक बिअर दह्यासारखी लावली जाते. दुधाला जसे विरजण, तसे माल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या, गोड काढ्याला निवडलेले यीस्ट. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हॅन्सन यांनी १८८३ मध्ये एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवून दाखवले आणि बिअरची चव हमखास एकसारखी ठेवणे शक्य झाले. लँबिकला असे विरजण नसते. आपले इडलीचे पीठही विरजणाशिवाय आंबते, हे खरे. परंतु त्याला आंबवणारे जिवाणू मुख्यतः डाळ-तांदळाबरोबरच आलेले असतात. लँबिकचा काढा कित्येक तास उकळलेला असल्याने त्यात धान्यावरचे यीस्ट उरत नाही. मग ते येते कोठून?

याचे उत्तर ब्रसेल्सच्या ॲंडरलेख्त भागातील ‘कँतियों’ या १९०० साली सुरू झालेल्या ब्रुअरीत प्रत्यक्ष पाहता येते. मोड आणून वाळवलेली बार्ली आणि सुमारे एक तृतीयांश कच्चा गहू यांचा काढा तेथे हॉप्ससह, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या एका वेलीच्या जुन्या फुलांसह, उकळतात. हॉप्सची फुले मुद्दाम काही वर्षे ठेवून वापरतात, कारण त्यांचा कडवटपणा बराच ओसरतो, पण नको त्या जिवाणूंना आवरण्याचा गुण टिकतो. हा उकळता काढा संध्याकाळी माळ्यावरच्या तांब्याच्या भल्यामोठ्या, उथळ परातीत ओततात आणि रात्रभर उघडा ठेवतात. गार होत जाणाऱ्या काढ्यात हवेतील यीस्ट आणि जिवाणू उतरतात. सकाळी तो पिंपांत भरला की पिंपांच्या लाकडात आधीपासून राहणारे त्यांना येऊन मिळतात.

पुढे पिंपात जे घडते, ते एका ओसाड माळरानावर गवत, झुडपे आणि झाडे क्रमाने यावीत तसे आहे. गेंट विद्यापीठातील संशोधकांनी ब्रसेल्समधील अशाच एका पारंपरिक ब्रुअरीतील पिंपांचा दोन वर्षे माग काढून २०१४ मध्ये हा क्रम प्रसिद्ध केला. पहिल्या महिन्यात आतड्यातील जिवाणूंच्या कुळातले जिवाणू वाढतात. मद्य आणि आम्ल वाढू लागताच ते मागे पडतात आणि नेहमीचे सॅकरोमायसिस यीस्ट मुख्य किण्वन उरकते. त्यानंतर पेडिओकॉकस नावाचे जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि कधी कधी बिअरला तार सुटते. वरणाला तार सुटली की आपण ते टाकून देतो. येथे मात्र कोणी घाबरत नाही, कारण ती तार मोडून खाणारे यीस्ट अजून यायचे असते.

त्याचे नाव ब्रेटॅनोमायसिस. कार्ल्सबर्गमधीलच निल्स हेल्ते क्लॉसन यांनी १९०४ मध्ये ते इंग्लंडच्या जुन्या बिअरमध्ये ओळखले आणि ब्रिटनवरून नाव दिले. त्याच्या एका जातीला पुढे ब्रसेल्सवरून ‘ब्रुक्सेलेन्सिस’ म्हटले गेले. इतर यीस्टला न पचणाऱ्या लांब साखळ्यांच्या शर्करा ते सावकाश खात राहते, आणि त्यातून लवंग, चामडे, घोड्यांचा तबेला यांची आठवण करून देणारे वास तयार होतात. ते लाकडाच्या छिद्रांत दीर्घकाळ तग धरते. लाकडातून झिरपणारा थोडासा ऑक्सिजनही त्याला मानवतो. म्हणूनच अशा ब्रुअरीत जुनी पिंपे आणि जुने माळे जपले जातात. कोळ्यांची जाळीसुद्धा झाडत नाहीत, कारण कोळी पिंपांभोवतीच्या माश्या खातात.

चव घेताना क्रम पाळावा, असे मला आवर्जून सांगावेसे वाटते. आधी साधी लँबिक, मग ग्यूझ, शेवटी आंबट चेरी मुरवलेली क्रीक. ग्यूझ म्हणजे एक, दोन आणि तीन वर्षांच्या लँबिकचे मिश्रण: कोवळ्या लँबिकमध्ये साखर शिल्लक असते, जुनीत वास आणि खोली असते, आणि बूच लावलेल्या बाटलीत पुन्हा किण्वन होऊन फेस येतो. ग्यूझसाठी ‘आ ला मॉर सुबित’ हा कॅफे सोयीचा आहे. १९२८ पासून तो सध्याच्या जागी आहे. त्याच्या नावाचा अर्थ ‘अचानक मृत्यू’. जेवणाच्या सुट्टीत फासे खेळणारे बँकेतले कारकून परत जाण्याआधी घाईने जो निर्णायक डाव टाकत, त्यावरून ते पडले.

परात उघडी ठेवायची तर रात्री थंड हव्यात. उबदार रात्री काढा फार हळू निवतो आणि नको ते जिवाणू माजतात, त्यामुळे हे काम साधारण ऑक्टोबर ते मार्च एवढ्याच काळात चालते. नोव्हेंबर २०१५ मध्ये रात्री इतक्या उबदार होत्या की कँतियोंला काम थांबवावे लागले. उन्हाळ्यात गेलेल्या पाहुण्याला माळ्यावरची परात कोरडी दिसते. भर हिवाळ्यात, बिअर गाळण्याच्या दिवशी गेलेल्याला तीच परात वाफेत हरवलेली आणि माळ्याच्या लाकडावर ओल धरलेली दिसते.