सलाईनची इम्युनोथेरपी की रोजच्या गोळ्या? वडिलांचा मेलॅनोमा पसरला असेल तर

मेलॅनोमा हा त्वचेचा कॅन्सर. तो फुफ्फुसात, यकृतात किंवा मेंदूत पसरला की डॉक्टर दोन नावं घेतात: इम्युनोथेरपी आणि टार्गेटेड थेरपी. धुळ्या-जळगावला घरी पोचेपर्यंत त्यातलं ‘किमो नाही, नवीन औषध आहे’ एवढंच लक्षात राहतं. दोन्हींचं काम वेगळं, त्रास वेगळा, आणि आधी कोणतं द्यायचं यावर पुढचं बरंच ठरतं.

टार्गेटेड थेरपी तोंडाने घ्यायची असते: डॅब्राफेनिब १५० मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा आणि ट्रॅमेटिनिब २ मि.ग्रॅ. एकदा, जेवणाच्या किमान तासभर आधी किंवा दोन तासांनंतर. गाठीच्या पेशींत बी-रॅफ जनुकातला ठरावीक बदल (रिपोर्टवर बहुधा व्ही६००ई) असेल तरच ही द्यायची. बदल नसताना घेतली तर गाठ उलट वाढू शकते, म्हणून दुसऱ्या पेशंटच्या उरलेल्या गोळ्या कुणी प्रेमाने दिल्या तरी घेऊ नयेत. आपल्याकडे मेलॅनोमा बऱ्याचदा तळपायाला किंवा नखाखाली निघतो आणि कुरूप समजून कापला जातो. या प्रकारात बी-रॅफचा बदल कमी जणांत सापडतो. तेव्हा पहिली बायोप्सी जिथे झाली त्या लॅबमधून गाठीचा तुकडा जपलेला मेणाचा ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या. नुसता कागदी रिपोर्ट नेला तर तपासणी होत नाही आणि फेरी वाया जाते.

इम्युनोथेरपी शिरेतून देतात. पेम्ब्रोलिझुमॅब दर ३ आठवड्यांनी २०० मि.ग्रॅ. किंवा दर ६ आठवड्यांनी ४०० मि.ग्रॅ. देता येतं. जळगावहून मुंबई रेल्वेने सुमारे ४२० कि.मी., त्यामुळे ६ आठवड्यांचं वेळापत्रक जमेल का, हे स्वतःहून विचारा. हे औषध कॅन्सरला थेट मारत नाही, शरीराच्या प्रतिकारशक्तीवरचा लगाम सोडतं. म्हणून बी-रॅफचा बदल नसला तरी देता येतं.

दोन्ही चालण्यासारखी असतील तर आधी कोणतं? गोळ्यांचा गुण काही आठवड्यांत दिसतो, पण बहुतेकांत साधारण वर्षभराने आजार पुन्हा डोकं वर काढतो. इम्युनोथेरपीला वेळ लागतो, सगळ्यांना लागूही पडत नाही, मात्र लागू पडली तर गुण वर्षानुवर्षं टिकू शकतो. बी-रॅफचा बदल असलेल्या पेशंटवरच्या ड्रीमसीक चाचणीत आधी इम्युनोथेरपी (निव्होलुमॅब आणि इपिलिमुमॅब या दोन औषधांची जोडी) घेतलेल्यांपैकी सुमारे ७२ टक्के दोन वर्षांनी हयात होते. आधी गोळ्या घेतलेल्यांत हे प्रमाण सुमारे ५२ टक्के होतं. म्हणून घाई नसेल तर आमचं मत इम्युनोथेरपी आधी. ही जोडी अंगावर भारी पडते, निम्म्याहून अधिक जणांना गंभीर त्रास होतो. वय झालेल्या, थकलेल्या वडिलांसाठी एकट्या औषधाचा पर्याय विचारा. आजार झपाट्याने वाढत असेल, दम लागत असेल किंवा किडनी बदललेली असेल, तर गोळ्यांचं पारडं जड होतं.

घरच्यांचं खरं काम यानंतर सुरू होतं. गोळ्यांवर असताना ताप १००.४ फॅ. झाला की दोन्ही औषधं थांबवून हॉस्पिटलला फोन करायचा. गावात गोळ्यांमुळे आलेला हाच ताप मलेरिया-डेंग्यूचा समजला जातो. रक्त जरूर तपासा, पण गोळ्या चालू ठेवून नव्हे. ट्रॅमेटिनिब २ ते ८ अंशांत, म्हणजे फ्रिजमध्ये, मूळ बाटलीतच ठेवतात. मे महिन्यात पारा ४५ पर्यंत जातो, तेव्हा ती एसटीच्या टपावरच्या पिशवीत टाकू नका. गोळ्या सुरू करण्याआधी हृदयाची टूडी इको, मग महिन्याने आणि पुढे दर दोन-तीन महिन्यांनी. नजर अंधुक झाली तर त्याच दिवशी कळवा.

इम्युनोथेरपीत चिथावलेली प्रतिकारशक्ती आपल्याच आतड्यांवर, फुफ्फुसांवर, यकृतावर, थायरॉइडवर उलटते, कधी शेवटचा डोस होऊन काही महिने उलटल्यावरही. ‘आबा, कसं वाटतंय?’ असं विचारलं की उत्तर येतं ‘बरं शे’. त्यापेक्षा ‘आज संडासला किती वेळा गेलात?’ असं विचारा. नेहमीपेक्षा चार वेळा जास्त झालं तर फोन त्याच दिवशी. जुलाब थांबवायची गोळी देऊन वाट बघू नका. नवा कोरडा खोकला किंवा जिना चढताना लागणारा दम याचंही तेच. आणखी एक फसवी गोष्ट: उन्हाळ्यात आबा गळून गेले, उलट्या होतात, बीपी खाली आलं, की सगळे म्हणतात ऊन लागलं. सलाईन लावा, पण सोडियम आणि कॉर्टिसोलही तपासून घ्या, कारण पिट्युटरी (मेंदूखालची) किंवा अॅड्रिनल (किडनीवरची) ग्रंथीला इजा झाली तर असंच दिसतं आणि उशीर झाला तर जिवावर बेततं. या ग्रंथींना इजा झाली असेल तर स्टेरॉइड बहुधा कायमचं घ्यावं लागतं. आतडी, फुफ्फुसं, यकृत यांच्या त्रासावरही उपाय बहुधा स्टेरॉइडच. तिथे ते काही आठवड्यांत हळूहळू उतरवायचं असतं. बरं वाटलं म्हणून मधेच बंद केलं की त्रास परत उसळतो.

आबांपासून आजाराचं नाव लपवणाऱ्या घरांना एक कळकळीचं सांगणं. या दोन्ही औषधांत त्रासाची पहिली खूण त्यांच्याच अंगात उठते, आणि त्यांना कळलंच नसेल तर ते सांगणार कसे? कोणतं औषध घ्यायचं, घ्यायचंच का, हेही त्यांच्यासमोर बसूनच ठरवा.

खर्चाचं मात्र पहिल्या डोसच्या आधी: हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला हेच औषध महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतं का ते विचारा, कंपनीची सवलत योजना आहे का तेही. औषधाचं नाव, शेवटच्या डोसची तारीख आणि हॉस्पिटलचा नंबर चिठ्ठीवर लिहून त्यांच्या खिशात ठेवा, म्हणजे रात्री गावच्या डॉक्टरांकडे जावं लागलं तरी त्यांना नेमकं कळेल.